फितीची कोरी बाजू

फीत उलटी धरायची, हे रेलीनने मला पहिल्याच दिवशी शिकवले. शिंप्याकडे असते तशीच पिवळी फीत होती ती; एका बाजूला सेंटिमीटरचे आकडे, दुसरी बाजू कोरी. गरोदर बाईचे पोट मोजताना कोरी बाजू वर ठेवायची. बोटांनी गर्भाशयाचा माथा शोधायचा, तिथे फितीचे टोक टेकवायचे, फीत पोटावरून सरळ खाली ओटीपोटाच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत आणायची, तिथे नखाने पकडायची, आणि मगच उलटवून आकडा वाचायचा. जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर.

"आकडा आधी दिसला ना, की हात खोटं बोलायला लागतो," रेलीन म्हणाली होती. "कितवा आठवडा आहे ते आपल्याला ठाऊकच असतं. मग बोट बरोब्बर तिथंच जाऊन थांबतं. म्हणून डोळ्यांना काही कळू द्यायचं नाही."

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. विद्यापीठाने मला बारा आठवड्यांसाठी पोर्ट हॅलमला पाठवले होते. गव्हाची चार उंच कोठारे, समुद्रात लांबवर शिरलेला लाकडी धक्का, कालवांच्या शेडी आणि अकरा खाटांचे रुग्णालय, एवढेच ते गाव. वर्गात आम्ही बेचाळीस जण सुईणीचे शिक्षण घेत होतो आणि त्यांत पुरुष मी एकटा. मला बोलायला नेहमीच उशीर लागतो. परक्या बाईच्या अंगाला हात लावण्यापूर्वी परवानगी विचारताना माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. बेकरीवाला रोज विचारायचा, "काय सुईणबुवा, आज किती बाळंतपणं उरकली?" मी पाव घेऊन हसल्यासारखे करीत असे आणि रस्ता ओलांडून दक्षिणेच्या वाऱ्यात शिरत असे. त्या वाऱ्यात लाजलो तरी कोणी बघत नाही.

रेलीन एकतीस वर्षे तिथे सुईण होती आणि त्यांतली पंचवीस तिने शिकाऊंना सांभाळण्यात घालवली होती. तिची एक रीत होती. शिकाऊने मोजले की ती त्याच्यामागून स्वतः मोजायची आणि कागदावर दोन्ही आकडे लिहायची. "हा संशय नाही हं," ती म्हणायची. "मी तुझ्या पाठीशी उभी आहे, एवढंच." असे ओळीने वीस आकडे जुळले की ती मागून मोजणे थांबवायची, आणि त्या दिवशी त्या शिकाऊचे नाव एका पांढऱ्या कपावर लाल नेलपॉलिशने लिहून तो कप रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगायची. एकोणचाळीस कप होते. गावातल्या चार सुईणींपैकी तिघींची नावे त्या कपांवर होती. शिकून गेल्या आणि परत आल्या. आसपासच्या गावांतले बाळंतपणाचे कक्ष सुईणी मिळत नाहीत म्हणून एकामागून एक बंद पडले होते. पोर्ट हॅलमचा चालू होता, तो त्या खुंट्यांमुळे.

प्रत्येक शिकाऊने काही बायकांबरोबर गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत राहायचे असते आणि शेवटी आपल्या नोंदवहीत त्यांची सही घ्यायची असते. टॅरिन माझी सातवी. एकोणतीस वर्षांची, सोळाव्या वर्षापासून कालवांच्या शेडमध्ये कामाला. कालव हातात घ्यायचे आणि न बघता आकाराप्रमाणे त्या त्या टोपलीत टाकायचे, हे तिचे काम. यंत्र बिघडले की मालक तिच्यावर अवलंबून असे.

"तुझे हात किती गार आहेत रे," पहिल्या भेटीत ती मला म्हणाली. "कालवं फोडून आलास की काय?"

मी हात चोळून गरम केले. ती हसली. तिच्या हसण्याने पोट हलले आणि फीत सरकली, म्हणून मला पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले. अठ्ठावीस आठवडे, अठ्ठावीस सेंटिमीटर. रेलीननेही तेवढेच मोजले. तिसाव्या आठवड्याला आम्हा दोघांचेही एकोणतीस आले.

बत्तिसाव्या आठवड्याच्या दिवशी रेलीन तपासणीच्या खोलीच्या दारातच थांबली. तिच्या हातात पांढरा कप होता.

"आजपासून मी मागून मोजणार नाही. वीसच्या वीस जुळलेत तुझे. टॅरिन, हा आता तुझा. मी जाते, मला नाव घालायचंय."

"नीट घाल," टॅरिन म्हणाली. "घाईत माझ्या भावाचं नाव चर्चमध्ये चुकीचं घातलं होतं, अजून ऐकवतो."

दार लोटले गेले. मार्गिकेतून तिच्या पावलांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला, चौदा पावले. मी कोरी बाजू वर ठेवून मोजले. फीत उलटवली. साडेएकोणतीस.

अडीचने कमी. आता मागून कोणी मोजणार नव्हते. चौदा पावलांवर एक बाई माझे नाव लिहीत बसली होती, आणि तिला हाक मारणे म्हणजे, वीस वेळा जुळलेला हात एकविसाव्या वेळी बिघडला हे सांगणे. मला वाटले, मीच संकोचलो असेन. ओटीपोटाच्या हाडाची कड शोधताना माझी बोटे नेहमीच किंचित अडखळत. परपुरुषाच्या बोटांनी तिथे जोर द्यायला मन घेत नसे. कड लागण्याआधीच बोट थांबले असेल. मग आकडा कमी येणारच. हे कारण इतके सभ्य होते की मी त्यावर ताबडतोब विश्वास ठेवला. मी फीत पुन्हा लावली. या वेळी आकडे वर होते. बोट मी हळूहळू खाली नेले, आणि एकतीस दिसल्यावर थांबवले.

"किती?" टॅरिनने विचारले.

"एकतीस. छान आहे."

"हं." ती स्वतःच्या पोटावर तळवा ठेवून पडून राहिली. "मला आपलं लहान वाटतंय. माझ्या हाताला आकार कळतो रे. या पंधरवड्यात वाढलंच नाही असं वाटतंय."

"पहिलं बाळ असलं की असं वाटतं," मी म्हणालो. हे वाक्य मी कुठेतरी वाचलेले होते.

ती उठून बसली आणि तिने बुटांच्या नाड्या बांधायला मला सांगितले, कारण तिला वाकता येत नव्हते. मी बांधल्या. कागदावर मी एकतीस लिहिले, आणि दुपारी रेलीनने स्वतः न मोजता शेजारी सही केली. चाळिसाव्या खुंटीवर माझा कप लटकत होता. जॅरड. लाल अक्षरे अजून ओली होती.

चौतिसाव्या आठवड्याला मी कोरी बाजू वर केलीच नाही. तेहेतीस लिहिले. रेलीन शेजारच्या खोलीत एका बाळंतपणात होती. संध्याकाळी तिने सही केली.

छत्तिसाव्या आठवड्याला मात्र बाळाचे डोके कुठे आहे ते ती स्वतः पाहायची, शिकाऊ कोणीही असो. तिने टॅरिनच्या पोटावर दोन्ही हात ठेवले. ती मेंढ्यांच्या बाजाराबद्दल काहीतरी सांगत होती. ते वाक्य मध्येच संपले. तिने माझ्या हातातून फीत घेतली. कोरी बाजू वर. उलटवली. पुन्हा कोरी बाजू वर केली, पुन्हा मोजले.

"जॅरड, बाळाच्या ठोक्यांचं मशीन आण." तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता, आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"किती आलं?" टॅरिन म्हणाली.

"तीस, पोरी. बाळ लहान आहे. आपण आता घाई करणार आहोत, पण घाबरायचं नाही."

चार वाजता शहराहून रुग्णांना नेणारे विमान आले. स्ट्रेचरवरून टॅरिन मला म्हणाली, "घरी ओव्हनमध्ये मटण आहे. शेजारणीला सांग, नाहीतर घर जळेल." तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर होता, तीन दिवसांच्या अंतरावर. विमान उडाले, कोठारांच्या वरून वळले, आणि धावपट्टीवरची धूळ बसेपर्यंत रेलीन आणि मी तारेच्या कुंपणाशी उभे राहिलो. मग मी जाऊन शेजारणीला ओव्हनबद्दल सांगितले. माझ्या हातून त्या दिवशी नीट झालेले तेवढे एकच काम.

संध्याकाळी शहरात शस्त्रक्रिया झाली. मुलगी. सतराशे वीस ग्रॅम. जगली. अजून आठवडा गेला असता तर, असे तिथल्या डॉक्टरांनी फोनवर म्हटले, आणि वाक्य पुरे केले नाही.

मग चौकशी ठरली, तीन आठवड्यांनंतरची. रेलीनकडून शिकाऊंना शिकवण्याचे काम काढून घेतील, असे बाकीच्या सुईणी दबक्या आवाजात बोलत. पुढे कोणी शिकाऊ आले नाहीत की परत कोण येणार, आणि कोणी परत आले नाही की बायकांनी बाळंतपणाला अडीचशे किलोमीटर जायचे, हे कोणालाच उघड बोलावे लागत नव्हते. मी रेलीनसमोर उभा राहिलो तेव्हा ती बिस्किटांचा डबा उघडत होती.

"तू कशाला तोंड पाडून फिरतोस?" ती म्हणाली. "शिकाऊचा हात दोन-तीन सेंटिमीटर चुकतोच. चुकतो म्हणून तर माझी सही लागते. दोनदा मी हात लावला नाही. ते माझं आहे, तुझं नाही. बिस्कीट घे."

मी बिस्कीट घेतले. ओट आणि नारळाचे, तिने स्वतः भाजलेले. ते मी खाल्ले, हे मी अजून विसरलेलो नाही.

माझा हात चुकला, असे ती प्रामाणिकपणे समजत होती. तसे तिने चौकशीसाठी लिहूनही दिले होते. नवशिक्याची चूक आणि जुन्या सुईणीचा हलगर्जीपणा, अशा त्या कागदात दोन गोष्टी होत्या. आणि त्या दोहोंमागे एक तिसरी गोष्ट दडून बसली होती, जी फक्त मला आणि त्या पिवळ्या फितीला ठाऊक होती. मी शांत राहिलो तर मी एक चुकलेला विद्यार्थी होतो, ज्याला क्षमा आधीच मिळालेली होती. बोललो तर अभ्यासक्रमातून काढून टाकले जाण्याची शक्यता होती. दिवसामागून दिवस गेले. मी कबुली मनात तयार करीत असे, वाक्य फार चांगले जमून येई, आणि जमून आले की ते बोलण्याची गरजच संपल्यासारखे वाटे.

बाराव्या दिवशी दुपारी टॅरिनचा फोन आला.

"विनी आज तीस ग्रॅमनं वाढली. तीस. कालवाचं पिल्लू जास्त वाढतं." ती हसली, मग थांबली. "जॅरड, एक विचारू का? आईला विचारवत नाही. शेडमध्ये उभं राहिल्यानं झालं का रे हे? ती म्हणत होती, बस कर आता. मी पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत उभी होते. दिवसभर गार पाण्यात हात."

"नाही. त्यानं नाही होत तसं."

"मग कशानं होतं?"

बाळ का वाढले नाही, हे मला खरोखर माहीत नव्हते. ते वेळेवर का कळले नाही, हे मला माहीत होते. "माहीत नाही," मी म्हणालो, आणि पहिल्या अज्ञानाच्या आड दुसरे ज्ञान लपवले.

"बघ, तुलाही माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणजे तेच असणार. असो. नर्स आली, ठेवते."

चूक एकाची होती आणि दोन निरपराध बायकांनी ती आपापसांत वाटून घेतली होती. मी तसाच उठून रुग्णालयात गेलो. रेलीन स्वयंपाकघरात कप धूत होती. आठवड्यातून एकदा ती सगळेच कप उतरवून धुवायची, वापरलेले आणि न वापरलेले.

"रेलीन, बत्तिसाव्या आठवड्याला माझा हात चुकला नव्हता."

"म्हणजे काय?"

"कोरी बाजू वर ठेवून मोजलं तेव्हा साडेएकोणतीस आलं. मग मी फीत उलटवून परत मोजलं. आकडे बघत. एकतीस येईपर्यंत बोट खाली नेलं."

नळ चालूच होता. "आणि चौतिसाला?"

"चौतिसाला आकडेच वर होते. पहिल्यापासून."

तिने नळ बंद केला, टॉवेलने एकेक बोट पुसले. "साडेएकोणतीस," ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे पाहिले. "अरे, बरोबर होतं ते. छत्तिसाला तीस भरलं, म्हणजे तेव्हा तीसच्या आतच. तुझा हात बरोबर होता."

मी यासाठी तयार नव्हतो. ती रागावेल, रडेल, निघून जा म्हणेल, हे सगळे मी मनात घोळवले होते. माझ्या लाजऱ्या, अडखळणाऱ्या बोटांनी त्या दिवशी खरे सांगितले होते, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता, हे मात्र मला सुचलेच नव्हते.

"मला हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही कपावर नाव घालत होतात."

ती खुर्चीवर बसली. ओल्या कपांच्या रांगेत माझाही कप पालथा होता. "मला तुझ्यावर खूप रागवायचंय," ती म्हणाली. "थांब. आधी चहा पिऊ दे." तिने चहा केला, पण प्यायली नाही. "टॅरिनला सांगितलंस?"

"नाही."

"तिला काय वाटतंय?"

"शेडमध्ये उभी राहिली म्हणून झालं, असं."

"कधी म्हणाली?"

"आत्ता. फोनवर."

"आणि तू ऐकून घेतलंस?" एकतीस वर्षांत तिथल्या भिंतींनी तिचा तसा आवाज ऐकला नसेल. ती उठली, माझ्या हातात माझेच जाकीट दिले. "उद्या सकाळची बस पकड. फोनवर सांगायचं नाही, तोंडावर सांगायचं. चौकशीचं मी बघते. आधी त्या पोरीच्या डोक्यातून ती शेड बाहेर काढ."

बसला नऊ तास लागले. बाहेर कापलेल्या गव्हाची धसकटे, मग खाऱ्या झुडपांची करडी जमीन, मग पुन्हा धसकटे. शहरातल्या रुग्णालयात टॅरिन एका कलत्या खुर्चीत बसली होती आणि विनी तिच्या छातीवर, सदऱ्याच्या आत, फक्त टोपी दिसेल एवढी.

"काय सुईणबुवा, इतक्या लांब? मटण जळलं की काय?"

मी उभ्यानेच सांगितले. सगळे, आकडे, फीत, कप, चौदा पावले. बोलताना मी तिच्या हाताकडे पाहत होतो. तो विनीच्या पाठीवर होता आणि जराही हलला नाही.

"मी तुला म्हटलं होतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"तू म्हणालास, पहिलं बाळ असलं की असं वाटतं."

"हो."

"मी घरी जाऊन आईला तेच ऐकवलं. तुझंच वाक्य. तिलाही शंका होती." तिने विनीची टोपी कानांवर ओढली. "मी या दिवसांत स्वतःला काय काय बोलले, ते तुला माहीत नाही. कालवाला परत हात लावणार नाही म्हटलं होतं." मग म्हणाली, "जा आता. माझी दूध काढायची वेळ झाली."

मी दारापाशी पोचलो होतो.

"जॅरड. बत्तिसाला सांगितलं असतंस, तर ही किती मोठी असती?"

"माहीत नाही."

"कोणालाच माहीत नाही, होय ना?"

"नाही."

तिने मान हलवली आणि विनीला दुसऱ्या खांद्यावर घेतले.

चौकशीत मी तेच पुन्हा सांगितले. माझे वर्ष गेले. सारे प्रत्यक्ष शिक्षण पुन्हा करायचे ठरले. रेलीनचे शिकवणे राहिले, पण एका अटीवर: शिकाऊने मोजल्यावर प्रत्येक वेळी, शेवटच्या दिवसापर्यंत, तिने स्वतः मोजायचेच. याचा अर्थ आता कोणाच्याच मागून मोजणे थांबणार नव्हते, आणि म्हणून कोणाचाच कप टांगला जाणार नव्हता. पंचवीस वर्षांची रीत माझ्या नावाशी येऊन संपली. चाळिसावा कप शेवटचा.

पुढच्या वर्षी मी पुन्हा पोर्ट हॅलमलाच जागा मागितली. रेलीनने होकार कळवला, त्यात एकच ओळ होती: चादरी आपल्या आण. माझा कप खुंटीवरच होता. तो काढून टाका, असे मी म्हणालो. "कप टांगला की टांगला," ती म्हणाली. मी पाहुण्यांच्या कपातून चहा पितो. आठवड्यातून एकदा ती सगळे उतरवून धुते, तेव्हा माझाही धुते. लाल अक्षरांचे टवके उडू लागले आहेत.

टॅरिन शेडमध्ये परतली आहे. माझ्या जुन्या नोंदवहीत तिच्या पानावर तिची सही नाही. ती मी मागितली नाही. एकदा बेकरीत ती माझ्या पुढे उभी होती, विनी कडेवर. "नऊ किलो भरली," तिने बेकरीवाल्याला सांगितले. इतक्या मोठ्याने, की रांगेच्या शेवटी उभ्या माणसालाही ऐकू जावे. रांगेच्या शेवटी मी होतो. तिने वळून पाहिले नाही.

परवा एका बाईचे पोट मोजले. कोरी बाजू वर, नखाने पकडले, उलटवले. तिसावा आठवडा, अठ्ठावीस.

"रेलीन," मी हाक मारली.

"मी इथंच आहे की, तुझ्या मागं," ती म्हणाली. ती होतीच, नियमच तसा होता.

"हो. तरी."

तिने फीत माझ्या हातातून घेतली आणि कोरी बाजू वर केली.